सावनी की ताम्हण? ठाणे-नवी मुंबईत घरच्या बागेसाठी झाड निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात सोसायट्यांच्या आणि घरांच्या बागा बघते. एप्रिल उजाडला की एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "ताई, रस्त्याच्या कडेला जांभळ्या फुलांचं झाड बघितलं, तसंच आमच्या बाल्कनीत लावायचंय." मग अर्धा तास बोलणं होतं आणि शेवटी कळतं की त्यांनी बघितलं होतं ते चाळीस फुटी झाड होतं. तोच अर्धा तास वाचावा म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून काढले.

सावनी, क्रेप मर्टल, लॅजरस्ट्रोमिया, ताम्हण ही सगळी एकाच झाडाची नावं आहेत का?

नाही, पण घराणं एक. लॅजरस्ट्रोमिया हे आडनाव समजा. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक माग्नुस फॉन लागरस्ट्रॉम याने लिनियसला पूर्वेकडच्या वनस्पती मिळवून दिल्या, म्हणून लिनियसने त्याचं नाव या घराण्याला दिलं. त्यात आपल्या कामाची दोन झाडं आहेत.

पहिलं लॅजरस्ट्रोमिया इंडिका. हिलाच नर्सरीत सावनी किंवा क्रेप मर्टल म्हणतात, कुणी चिनाई मेंदीही म्हणतं. नावात 'इंडिका' असलं तरी मूळची ही चीनकडची. झुडूप किंवा छोटं झाड, क्रेपच्या कापडासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या. दुसरं लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा, म्हणजे आपलं ताम्हण, जारूळ. हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प आणि अस्सल वृक्ष. पूजेतल्या ताम्हणाशी घोळ घालू नका, एका काकूंनी फोनवर मला "तांब्याचं की पितळेचं?" असं विचारलं होतं.

काही याद्यांमध्ये सावनीलाच 'धायटी' म्हटलेलं सापडतं. सह्याद्रीत लालभडक नळीसारख्या फुलांनी लगडलेली खरी धायटी वेगळी, ती हिची चुलत बहीण. आपली मेंदी आणि डाळिंबही याच मोठ्या कुटुंबातली. डाळिंबाच्या फुलाची चुरगळलेली पाकळी आठवा, नातं लगेच पटेल.

लहान रोप असताना दोन्हीतला फरक कसा ओळखायचा?

पानावरून. सावनीचं पान लहान, फार तर तुमच्या बोटाएवढं. ताम्हणाचं पान वीतभर लांब, जाडसर, शिरा उठून दिसणाऱ्या. पान नसेल तर सावनीची कोवळी काडी चिमटीत धरून फिरवा, तिला चार कडा बोटांना लागतात. ही परीक्षा मला एका जुन्या माळीदादांनी शिकवली. तेव्हापासून पिशवीवरची चिठ्ठी मी नंतर वाचते, काडी आधी फिरवते.

आमच्याकडे एवढी एवढी जागा आहे. कोणती जात घ्यावी?

हाच खरा प्रश्न, आणि लोक तो रंगाच्या नंतर विचारतात. झाड पूर्ण वाढल्यावर किती उंच आणि किती रुंद होणार हे आधी ठरवा. रंग त्या चौकटीत बसवा.

फ्लॅटची बाल्कनी असेल तर फक्त बुटकी सावनी, दोन ते चार फुटांत राहणारी. कुंडी बारा ते चौदा इंची. बाल्कनी पूर्वेची किंवा पश्चिमेची असेल आणि समोर दुसरा टॉवर नसेल, तरच. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांमध्ये समोरासमोर उभ्या इमारतींमुळे सहाव्या-सातव्या मजल्यालाही दिवसातून दोन ताससुद्धा ऊन मिळत नाही. तिथे सावनीचा हट्ट सोडा.

गच्चीवर मध्यम सावनी चालते, सहा ते आठ फुटांची, सोळा-अठरा इंची कुंडीत. पण वजन लक्षात घ्या. सोळा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते. कोकोपीट जास्त घालून ती हलकी करता येते, पण मग पावसाळी वाऱ्यात कुंडी आडवी होते. मी गच्चीवर कुंड्या कठड्याच्या आतल्या अंगाला, बीमच्या रेषेत ठेवायला सांगते. पॅराफिटवर कधीच नाही.

पोडियम गार्डनला वरून हिरवळ दिसते, खाली स्लॅब आणि पार्किंग असतं. मातीची जाडी जेमतेम दीड-दोन फूट. तिथे सावनीची झुडपं छान, ताम्हण अजिबात नको. बिल्डरच्या माणसाने हौसेने लावलेली ताम्हणं मी दोन ठिकाणी बघितली आहेत, दोन्हीकडे ती कुढत उभी आहेत.

रो-हाउस किंवा बंगल्याच्या पुढच्या अंगणात एकाच खोडाचं छोटं झाड म्हणून वाढवलेली दहा-बारा फुटी सावनी इतकी शोभते की दुसरं काही लागत नाही. भिंतीपासून पाच-सहा फूट सोडा.

आणि सोसायटीच्या आवारात खरी, खोल जमीन असेल, वर वायर नसेल, चारी बाजूंना पंधरा-वीस फूट मोकळे असतील तर माझं मत सरळ आहे: ताम्हण लावा. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ते आपोआप फुलतं, त्यासाठी कमिटीला ठराव करावा लागत नाही. पाणी साचणारी जागाही ते सोसतं, कारण मुळात ते ओढ्याकाठी वाढणारं झाड.

मग बोंडारा, नाणा लावलेला चालेल का?

हीही याच घराण्यातली, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातली. येऊरच्या जंगलासारख्या ठिकाणी शोभतात. फुलं लहान आणि पांढरी, थाट कमी. मोठ्या संकुलात देशी झाडांचा पट्टा करणार असाल तर जरूर लावा. घरच्या बागेसाठी नाही.

रंग कोणता घ्यावा?

गुलाबी सर्वांत सहज मिळतो आणि सर्वांत चिवट असतो. पांढरा पावसाळी अंधारात उठून दिसतो. संध्याकाळी कामावरून घरी येणाऱ्यांना मी पांढराच सुचवते, कारण दिवे लागल्यावर जांभळा रंग काळपट होऊन जातो आणि दिसतच नाही. जांभळा भिंत पांढरी असेल तर घ्या. कोरड्या विटकरी रंगाच्या भिंतीपुढे तो मळकट वाटतो.

लालची मात्र एक गंमत आहे. बाजारात 'लाल' म्हणून मिळणारी पुष्कळ रोपं प्रत्यक्षात कलिंगडी गुलाबी निघतात. अमेरिकेत कार्ल व्हिटकॉम्ब यांनी 'डायनामाइट' नावाची खरी लाल जात आणली, तिच्यातही ढगाळ हवेत उमललेल्या फुलांवर पांढरे शिंतोडे येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ असतं. तेव्हा लालभडक फुलांचे फोटो बघून आशा वाढवू नका.

नेटवर नॅचेझ, मस्कोगी, टस्करोरा अशी नावं दिसतात. त्या जाती घ्याव्यात का?

या जाती वॉशिंग्टनच्या यू.एस. नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी तयार केल्या. त्याआधी १९५६ मध्ये जॉन क्रीच यांनी जपानच्या याकुशिमा बेटावरून लॅजरस्ट्रोमिया फौरिए या जातीचं बी नेलं होतं. ती जात भुरी रोगाला (पानांवर पांढरं पीठ चढतं तो) दाद देत नाही आणि तिचं खोड दालचिनीच्या रंगाचं, सुरेख. एगॉल्फनी तिचा सावनीशी संकर केला आणि निवडलेल्या जातींना अमेरिकेतल्या आदिवासी जमातींची नावं दिली. पांढरी नॅचेझ आणि फिकट जांभळी मस्कोगी १९७८ च्या, पोवळ्याच्या रंगाची टस्करोरा १९८१ ची.

झाडं उत्तम आहेत. पण नॅचेझ पंचवीस-तीस फूट वाढते. 'बाल्कनी प्लांट' म्हणून हे नाव लावलेली कुंडी कुणी दाखवली तर एकतर ते नाव खोटं किंवा तो सल्ला. आपल्या स्थानिक नर्सऱ्यांमध्ये बहुतेक रोपं 'पिंक', 'व्हाइट', 'पर्पल' एवढ्याच नावाने मिळतात, जातीचं नाव नर्सरीवाल्यालाही माहीत नसतं. त्यामुळे नावामागे धावण्यापेक्षा गुण बघा: पान निरोगी आहे का, फांदी ताठ आहे का, पेरं जवळजवळ आहेत का.

ऑनलाइन 'पाच रंगांच्या बिया' मिळतात. मागवाव्यात?

खेळ म्हणून मागवा, बाग आखायला नको. बियांची रोपं आईचा रंग आणि उंची राखतीलच असं नाही. हवी ती जात हवी असेल तर फांदीचं कलमच लागतं.

नर्सरीत रोप निवडताना नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे फूल असलेलं रोपच उचला. माझा अनुभव सांगते. एका सोसायटीत पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली लावायला मी पाच 'बुटक्या लाल' सावन्या आणल्या, फेब्रुवारीत, नुसत्या काड्या असताना. मे महिन्यात फुलं आली ती फिकट गुलाबी. तिसऱ्या पावसाळ्यात फांद्या खिडकीच्या ग्रिलमधून आत शिरल्या. सेक्रेटरींनी मला फोन करण्याऐवजी वॉचमनच्या हातात कोयता दिला. चूक माझी होती, शिक्षा झाडांना झाली. तेव्हापासून मी एप्रिल-मेमध्येच खरेदी करते, झाड फुलात असताना.

दुसरं, कळी बघा. वाटाण्याएवढी गोल कळी असते आणि उमलताना तिला सहा फटी पडतात. त्या फटीतून आतला रंग दोन दिवस आधीच डोकावतो. कळ्या भरपूर आणि फुलं मोजकी असतील तर रोप घ्या, घरी आल्यावर महिनाभर फुलत राहील. सगळी फुलं उमललेली असतील तर ती दुकानासाठी सजवलेली आहेत.

तिसरं, पान उलटं करा. मागच्या बाजूला हिरवट-पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसलेला असतो. पान चिकट लागलं की ठेवून द्या. चौथं, पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप उपटताना अर्धं मूळ तिथेच राहणार. अशी रोपं आठवड्याने माना टाकतात आणि दोष पाणी घालणाऱ्यावर येतो.

ऊन किती लागतं?

सहा तास, थेट. कमी उन्हात पानं होतात, फुलं नाहीत, आणि भुरी हमखास.

आमचं घर खाडीजवळ आहे. तिथली माती चालेल का?

नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बऱ्याच जागी वरची जमीन भरावाची आहे. वर मुरूम-डबर, खाली चिकट खाजणाची माती. सावनी बऱ्याच मातींत जगते, पण मुळं पाण्यात बुडून राहिलेली तिला चालत नाहीत. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. म्हणून आधी दीड फूट खड्डा खणून पाण्याने भरा. दोन-तीन तासांत पाणी जिरलं तर सावनी लावा. सकाळी ओतलेलं पाणी संध्याकाळीही डबक्यासारखं दिसलं तर तिथे वाफा फूटभर उंच करून त्यावर लावा, किंवा जागा मोठी असेल तर ताम्हणाचा विचार करा.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाका. डेंग्यूचे डास आणि कुजलेली मुळं, दोन्ही त्याच थाळीत तयार होतात.

कधी लावावं?

जमिनीत लावायचं तर पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर, जूनच्या शेवटी. मुसळधार जुलैत नको, आळ्यातली माती वाहून जाते. कुंडीत केव्हाही, फक्त मे महिन्याच्या भर दुपारी कुंडी बदलू नका.

झाड हिरवंगार आहे, पण फूलच येत नाही. का?

बहुतेक वेळा खत जास्त आणि ऊन कमी. लॉनसाठी टाकलेला युरिया शेजारच्या सावनीलाही पोचतो आणि ती पानांची उधळण करते. नायट्रोजन थांबवा. दुसरं कारण म्हणजे छाटणीची वेळ. सावनी नव्या फुटीच्या टोकाला फुलते. तुम्ही एप्रिलमध्ये "जरा आकारात आणतो" म्हणून शेंडे कातरले तर कातरल्या त्या कळ्याच होत्या. कुंपणासारखी महिन्या-महिन्याला मशीनने कापलेली सावनी म्हणून वर्षभर हिरवी दिसते आणि एकदाही फुलत नाही.

ताम्हणाबाबत उत्तर वेगळं. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुलायला काही वर्षं लागतात. थांबा.

छाटणी कशी आणि किती?

जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, नवी फूट यायच्या आधी. एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळलेल्या फांद्या काढा, बुडातून आलेले धुमारे काढा. शेंड्याकडच्या पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक काड्या कापा. संपलं.

आपल्याकडे जे होतं ते असं: माळी येतो आणि मनगटाएवढी खोडं एका उंचीवर तोडून खांब उभे करून जातो. दर वर्षी त्याच जागी तोडलं की तिथे गाठ बनते, मुठीसारखी. त्या मुठीतून वीस-पंचवीस लांब, लवचीक काड्या फुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला फुलांचा जड तुरा येतो. फुलं मोठी येतात, हे खरं. पण जून संपत आला की ते तुरे पाणी पिऊन ओल्या टॉवेलसारखे होतात आणि काड्या जमिनीला टेकतात. मग लोक विचारतात, "पावसात फांद्या का लोळतात?" उत्तर फेब्रुवारीतल्या कोयत्यात आहे. आणि दर वर्षी असं तोडावं लागतं याचा अर्थ त्या जागेसाठी जात मोठी निवडली गेली. बारा फुटी झाडाला पाच फुटांत कोंबायचा तो खटाटोप असतो.

पहिला बहर संपला की वाळलेले तुरे हिरव्या बोंडांच्या खालून कापा. साधारण दीड-दोन महिन्यांत दुसरा बहर येतो. बोंडं ठेवली तर झाड बी धरण्यात गुंतून राहतं.

पानांवर पीठ टाकल्यासारखं दिसतं, पार्क केलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात...

पीठ म्हणजे भुरी. दमट हवा, उबदार दिवस आणि गार रात्री तिला आवडतात, म्हणून आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर ती वाढते. लागलेले शेंडे कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. रोपांमध्ये हवा खेळती ठेवा. जास्त झाली तर पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची फवारणी, संध्याकाळी, डब्यावरच्या प्रमाणाने.

चिकट थेंब माव्याचे. त्या गोड चिकट्यावर काळी काजळी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या दिसल्या की वर मावा आहेच. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस लागोपाठ, मग निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात. गाड्या उभ्या राहतात त्या जागेवर सावनी लावूच नये. मी हे सांगते आणि कुणी ऐकत नाही, कारण पार्किंगच्या कडेचीच पट्टी मोकळी असते.

जानेवारीत सगळी पानं गळाली. झाड मेलं का?

बहुधा नाही, ती विश्रांती आहे. नखाने साल किंचित खरवडा. खाली ओला हिरवा रंग दिसला तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा, बंद नको. ठाण्याच्या थंडीत दम नसतो, त्यामुळे काही झाडं अर्धवटच पानं गाळतात, तेही ठीक.

याच दिवसांत खोड बघा. जुनी साल पापुद्र्यांनी सुटते आणि आत गुळगुळीत, करड्या-बदामी ठिपक्यांचं अंग दिसतं. जपानीत या झाडाच्या नावाचा अर्थ माकडही घसरेल असं झाड. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांतली माकडं मात्र हे मानत नाहीत.

घरात मांजर आहे, लहान मूल आहे. झाड विषारी आहे का?

सावनी कुत्र्या-मांजरांना विषारी मानली जात नाही. फवारणी केली असेल तेव्हा मात्र दोघांनाही दूर ठेवा.

ताम्हणाच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो म्हणतात?

फिलिपिन्समध्ये या झाडाला बनाबा म्हणतात आणि पानांचा चहा पिण्याची तिथे जुनी रीत आहे. पानांतल्या कोरोसोलिक आम्लावर अभ्यासही झाले आहेत. म्हणून आपली गोळी बंद करून सोसायटीच्या झाडाची पानं उकळू नका. गोळीच्या जोडीनेही काढा घेऊ नका, साखर दोन्हीकडून उतरली तर चक्कर येऊन पडाल. डॉक्टरांना विचारा.

मुळं भिंत फोडतील का? नको झालं तर तोडता येईल का?

सावनीची मुळं आक्रमक नसतात, कुंपणाच्या भिंतीला तिचा त्रास होत नाही. ताम्हणाला मात्र अंतर द्या. आणि एकदा झाड मोठं झालं की ते तोडणं फक्त तुमच्या किंवा कमिटीच्या मर्जीवर राहत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण आणि जतन कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटण्याआधीही अर्ज करून ठेवा. शेजारच्या विंगमधलं कुणीतरी फोटो काढतंच.

शेजारच्या सोसायटीत सुंदर पांढरी सावनी आहे. तिच्यापासून रोप करता येईल?

येईल, आणि माझ्या मते जात निवडण्याची हीच सर्वांत भरवशाची वाट आहे. ते झाड याच हवेत, याच पावसात तुमच्या डोळ्यांदेखत वाढलेलं असतं. किती उंच जातं, भुरी लागते का, पावसात लोळतं का, सगळं तुम्ही आधीच बघितलेलं. फेब्रुवारीत त्यांचा माळी छाटणी करेल तेव्हा जाऊन उभे राहा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सात-आठ इंची काड्या मागून घ्या. वरचा काप सपाट आणि खालचा तिरका ठेवा, म्हणजे उलटी खोचली जाणार नाही. निम्मी काडी वाळू आणि कोकोपीटमध्ये पुरा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. पालवी फुटली म्हणून लगेच उपटून बघू नका, पालवी आधी येते आणि मुळं नंतर. पाच-सहा काड्या लावा, त्यातल्या दोन-तीन तरी धरतात. जूनमध्ये कुंडीत हलवा आणि एक रोप त्या माळीदादांना परत नेऊन द्या, पुढच्या वर्षी जांभळीच्या काड्याही त्यांच्याकडेच मागायच्या असतात.